बॉडीला लावलेली तार

आमच्या लाँचमधला रेडिओ मी बसवला. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण गावात आता वेगळंच सांगितलं जातं. कुणी म्हणतं पुण्याहून माणूस आला होता, कुणी म्हणतं कंपनीनंच बसवून दिला. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते तर चहाच्या टपरीवर सांगतात की काम त्यांचंच, पोरीनं फक्त "फिनिशिंग केली". म्हणू देत. लाल तार कुठून निघते आणि काळी कुठं परत येते, एवढंच त्यांना विचारा.

आमचं गाव केम स्टेशनावरून जीपनं जायचं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठाला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाण्यानं चराईचा माळ गिळला, उरलेल्या माळावर कळप जगेना, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मेंढरं विकून आप्पांच्या भागीत एक लोखंडी लाँच करून घेतली. ती बनवली ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं. इंजिन जुन्या ट्रॅक्टरचं. त्यामुळं तिची वायरिंगही ट्रॅक्टरसारखीच. ट्रॅक्टरला बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच तार ओढतात. वीज परत जायला दुसरी तार लागते, तिचं काम ट्रॅक्टरचं लोखंडच करतं. याला आमच्याकडं "बॉडीला लावणं" म्हणतात. आप्पांची उभी हयात ट्रॅक्टरवर गेली. बॉडीवर त्यांचा देवाइतका विश्वास.

माध्यमिक शाळा पाण्याच्या पलीकडं आहे. रस्त्यानं जायचं तर निम्मा तालुका फिरून जावं लागतं, म्हणून सगळी मुलं लाँचनं जातात. मीही तशीच गेले. परीक्षेच्या दिवशी मला उशीर झाला की आण्णा इंजिन चालू ठेवून, इतर उतारूंच्या शिव्या खात, काठावर थांबून राहायचे. त्या थांबण्यावर मी दहावी झाले, सोलापुरात कॉलेजला गेले, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली पदवी, बाप्यांत आणि बायांत मिळून पहिली. आता सोलापुरातच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मुलांनी जाळलेले बोर्ड दुरुस्त करते. नोकरी लहान असेल, पण मला तिचा अभिमान आहे, आणि त्या लाँचचे उपकार मी विसरलेले नाही. तिच्याबाबतीत मी एवढी हट्टी का झाले, ते यातच आलं.

गेल्या चैत्रात दुपारच्या वाऱ्यात लाँच पाण्याच्या मध्यावर बंद पडली. आत शाळेतून परतणारी मुलं होती. आण्णांनी स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवली, मग हॉर्नही वाजेना. मोबाइलला मध्यावर रेंज नसते. लाँच वाऱ्यावर वाहत एका ओसाड बेटाला लागली आणि अंधार पडायच्या आत मासेमारांनी सगळ्यांना आणलं. कुणाला काही झालं नाही. पण काठावर उभ्या राहिलेल्या आयांना तेवढा वेळ काहीच माहीत नव्हतं. तो वेळ त्या विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलगे लाँचमध्ये बसले, मुलींना घरी ठेवलं.

आमच्या शेजारच्या वहिनीच्या दोन मुली. थोरली दहावीत जाणार होती. वहिनीनं दोघींना शेरडांमागं धाडलं. घरी बसलेल्या दहावीच्या मुलीचं पुढं काय होतं हे आमच्या भागात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. सोयरीक घेऊन माणसं येऊ लागतात. शाळा उघडायच्या आधीच दोन ठिकाणची येऊन गेली होती.

लाँचवाल्यांच्या संस्थेनं मग धावपळ केली. परवान्याचं झालं, आणि प्रत्येक लाँचला एक, दोन्ही काठांना एकेक असे रेडिओ आले. समुद्रातल्या बोटींवर असतात तसे. गाडीतल्या टेपएवढा डबा, गुंडाळीच्या वायरीला टांगलेला माइक, बटण दाबून बोलायचं. मोबाइलची रेंज असो-नसो, काठावर आवाज जातो. वहिनी म्हणाली होती, "पान्याच्या मदनं आवाज आला तरच पोरी धाडीन. न्हायतर न्हाय."

मला आप्पांचा फोन आला तो शाळा उघडल्यावर, सगळं उरकल्यावर.

"सेट बसला बग. तालुक्यावरनं ट्रॅक्टरचा वायरमन आनला हुता. उद्या नारळ फोडायचाय, पावनं येनारेत. तू हिंजनेर हायस, तवा माइकवर 'चालू हाय' एवडं म्हन. बायका तुजं ऐकत्यात."

"आप्पा, तार कुठून घेतली?"

"कुटनं म्हंजी? हार्नच्या वायरीतनं."

"आणि मायनस?"

"बॉडीला की!" आप्पा असे म्हणाले जणू मी भाकरी कशाची करतात असं विचारलं होतं.

मी सुटीचा अर्ज दिला आणि नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात गेले. दोन रंगांची जाड तार मागितली, कथील चढवलेली, म्हणजे ओलीनं तांबं काळं पडणार नाही अशी. दुकानदारानं विचारलं, कशाला? म्हटलं, बोटीला.

"बोट? सोलापुरात?" तो हसायलाच लागला. "ताई, इथं नळाला रोज पाणी येत नाही, तुमची बोट कुठं चालते?"

"तुमच्या नळाला जे रोज येत नाही ना," मी म्हटलं, "त्याच उजनीच्या पाण्यात चालते."

सकाळच्या गाडीनं केमला उतरले. काठावर मांडव घातला होता, खुर्च्या, सतरंजी, लाँचच्या नाकाला झेंडूची माळ. आण्णा नवीन टोपी घालून सुकाणूपाशी बसले होते. मी पिशवी ठेवली आणि सरळ लाँचच्या पोटात उतरले.

एरियल उंच पाइपावर नीट बसवला होता. खरं ते खरं. बाकी सगळं ट्रॅक्टरचं. हॉर्नच्या बारीक वायरीची साल काढून रेडिओची तार तिला पिळलेली, वरून काळी टेप. परतीची तार एका स्क्रूनं लाँचच्या पत्र्याला आवळलेली, खालचा रंगसुद्धा खरवडला नव्हता आणि स्क्रूच्या भोवती गंजाचा पिवळा ओघळ. फ्यूजची डबी उघडली तर आत फ्यूज नव्हता. तांब्याची बारीक तार पिळून घातली होती.

"आप्पा, हे काय?"

"फूज सारका जात हुता," आप्पा वरून वाकून म्हणाले. "आता जायाचा प्रश्नच न्हाय."

"फ्यूज जातो म्हणून लाँच राहते, आप्पा. तार कुठं लोखंडाला घासली तर आता फ्यूज जायच्या ऐवजी तार पेटेल. शेजारी डिझेलची टाकी आहे."

"तीस वर्सं ट्रॅक्टर चालीवला म्या. एकदा तरी पेटला का?"

"ट्रॅक्टर मातीवर उभा असतो, रबराच्या चाकांवर. ही पाण्यात उभी आहे. पत्र्यातून वीज खेळवली तर पाण्याखालचं लोखंड झिजत जातं. वाळवी पाळल्यासारखं आहे हे. आणि पत्रा गंजला की परतीची वाटही बंद."

"लई शिकलीस," आप्पा म्हणाले. "आता वर ये, पावनं आलं. नारळ फुटू दे, मग काय त्ये बग."

याच वाक्याची मला भीती होती. आमच्याकडं नारळ फुटला की काम झालं. शाळेच्या छपराला पत्रे नव्हते तेव्हा नारळ फुटला होता, पत्रे पुढं कित्येक वर्षं आले नाहीत. समाजमंदिराच्या नळाचा नारळ फुटला, त्या नळाला मी कधी पाणी पाहिलं नाही. फुटलेल्या नारळाला कुणी प्रश्न विचारत नाही.

पाहुणे आले, हार झाले. मांडवात बायका मागं बसल्या होत्या, वहिनी आपल्या दोन्ही मुलींना घेऊन. काठावरचा दुसरा सेट टेबलावर ठेवला होता. इंजिन चालू करून ठेवलं होतं, नुसतं भुडभुडत. पाहुण्यांनी लाँचमधून माइकवर "हॅलो, हॅलो" म्हटलं, टेबलावरच्या सेटमधून खणखणीत आवाज आला आणि टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारबा म्हणाले, "यावर गानी लागत्यात का?" त्यावर सगळे हसले. पाहुण्यांनी माइक माझ्या हातात दिला.

"बोल बाळ. गावची लेक आहेस. सांग सगळ्यांना."

मी बटण दाबलं. माझाच आवाज मला मांडवातून ऐकू आला.

"रेडिओ चांगला आहे. पण या लाँचमध्ये अजून मुलींना बसवू नका."

आप्पा दात आवळून म्हणाले, "काय बोलतीयास? पावन्यांम्होरं?"

"आप्पा, इंजिन बंद करा."

ते जागचे हलले नाहीत. पाहुणे घड्याळाकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "घ्या फोडून नारळ, म्हूर्त निगून चाललाय." आप्पांनी नारळ उचलला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या हत्यारांच्या पिशवीत टाकला. थोरल्या चुलत्याच्या हातातून असं काही घेण्याची आमच्या घरात रीत नाही. मला ती माहीत होती, आणि मी घेतला.

"लेकीला जरा दम दे की रं!" आप्पा आण्णांवर ओरडले.

आण्णा फार बोलणारे नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दादा, ती न्हाय म्हनती तर न्हाय." मग हात लांब करून त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं.

पदवीच्या दिवशी मला इतकं मोठं वाटलं नव्हतं.

"आता दिवा लावा," मी म्हटलं. "पाणी उपसायची मोटर लावा. डिझेल बंद ठेवून चैत्रात मारला तसा स्टार्टर मारा. मी बोलते." आण्णांनी किल्ली फिरवली, इंजिन घुरघुरलं. मी बटण दाबून म्हटलं, "वहिनी, ऐकू येतं का?" आणि माझ्या डोळ्यांसमोर सेटचा उजेड विझला.

मांडवातून वहिनीचा आवाज आला, सेटमधून नव्हे, तिच्या गळ्यातून. "गेला की गं आवाज!"

मी लाँचच्या काठावर उभी राहून सांगितलं. ऐकायला या डब्याला घोटभर वीज पुरते, बोलायला घागरभर लागते. हॉर्नची दोऱ्याएवढी तार आणि गंजलेला पत्रा यांतून घोट येतो, घागर येत नाही. इंजिन चालू असताना, काठाला, चार टाळ्यांच्या मध्ये हा चालेल. वाऱ्यात, इंजिन बंद पडल्यावर, जेव्हा खरंच बोलायचं असेल तेव्हा तो फक्त ऐकेल, नाहीतर तेही नाही.

पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम होता. ते गळ्यातला हार काढून गाडीत बसले. आप्पा त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेले, परत आले ते मांडवात न थांबता घराकडं. जाताना म्हणाले, "शिकवून चूक झाली." मला फी आण्णांनी दिली होती, आप्पांनी नव्हे. हे मी त्यांना त्याच वेळी सांगितलं. आजही सांगेन.

दुपारभर काम केलं. पिळलेले सगळे जोड कापले. लाल आणि काळी, दोन्ही जाड तारा जोडीनं बॅटरीपासून थेट सेटपर्यंत नेल्या, मध्ये कुणाला वाटा नाही. काळी तार पत्र्याला कुठंही शिवू दिली नाही. लाल तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरावर खरा फ्यूज बसवला. तो बॅटरीजवळच लागतो, कारण त्याच्या अलीकडची तार कुणीच राखत नसतं. टोकांना टेप न गुंडाळता दाबून बसवलेल्या टोप्या घातल्या. पत्र्यातल्या भोकांना रबराच्या कड्या, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं तार कापली जाणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या पिशवीत नव्हती. चैत्रात स्टार्टर मारूनच बॅटरी मेली होती. रेडिओ त्याच बॅटरीवर ठेवला तर तार कितीही चांगली असो, बॅटरीबरोबर तोही मरणार. त्याला वेगळी बॅटरी हवी होती. ट्रॅक्टरची बॅटरी होती, पण ट्रॅक्टर आप्पांचा. आण्णा म्हणाले, "मी इचारतो." मी म्हटलं, "नको." पण दुसरं काय, ते मलाही सुचत नव्हतं.

वहिनी मघापासून काठावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "कसली बॅटरी लागती?"

"बारा व्होल्टची. तुमच्या सोलर दिव्याला आहे तसली."

ती उठली आणि घराकडं गेली. परत आली तेव्हा डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी, एका हातानं ती सरळ धरलेली. ॲसिड सांडू नये म्हणून घागर आणावी तशी मान ताठ ठेवून ती उतारावरून येत होती. मागं थोरली मुलगी सोलरचं पॅनेल बगलेत मारून.

"वहिनी, घरात लाइट गेली तर?"

"गेली तर चिमनी हाय की. लाइटीला काय अब्यास करायचाय? पोरींस्नी करायचाय."

"आणि घरी भाऊ काय म्हणतील?"

"त्यांस्नी अंदारात दिसंल तवा म्हनतील."

आण्णा पहिल्यांदा हसले. बॅटरी मी सुकाणूखाली ठेवत होते, तर त्यांनी हात धरला. "हितं नगं. वाऱ्यात पानी हितवर येतं. वरच्या फळीवर बांद." त्या फळीवर बॅटरी पट्ट्यानं आवळून बांधली आणि टपावर पॅनेल चढवलं. दिव्याला, मोटरीला, स्टार्टरला जुनी बॅटरी. रेडिओला वहिनीची.

मग वहिनीला काठावरच्या सेटपाशी बसवलं. बटण कसं दाबायचं, सोडायचं कसं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मी आणि आण्णा लाँच घेऊन निघालो. थोरली मुलगी आईला न विचारता आधीच चढून बसली होती. वहिनीनं ते पाहिलं, उठली, आणि परत बसली.

चैत्रात जिथं लाँच बंद पडली होती तिथं आण्णांनी इंजिन बंद केलं. पाणी शांत होतं, पण मध्यावर आलं की काठ किती लांब असतो हे कळतं. मांडवाचा ठिपका दिसत होता. मी दिवा लावला, मोटर लावली, आणि आण्णांना म्हटलं, डिझेल बंदच ठेवून स्टार्टर मारा, सोडू नका. इंजिन घुरघुरत होतं, लाँचचा दिवा मिणमिणत गेला. सेटचा उजेड हलला नाही. मी माइक मुलीच्या हातात दिला.

तिनं बटण दाबलं, पण तिला बोलायला सुचेना. मग तिनं शाळेत हजेरीला म्हणतात तसं म्हटलं, "हजर."

क्षणभर नुसती खरखर. मग वहिनीचा आवाज, इतका मोठा की आण्णांनी मान मागं घेतली.

"कुटं हायस गं?"

"मदी हाय, आई. इंजिन बंद हाय."

"भ्या वाटतंय का?"

"न्हाय."

परत खरखर. मग वहिनीनं बटण दाबलं आणि सोडायचं विसरली. तिच्या मागचे आवाज येत होते, कुणीतरी बाई म्हणत होती, "माजीचं इचार, माजी उद्या आली तर चालंल का?" दुसरी म्हणत होती, "आन माजी?"

आम्ही काठाला लागलो तेव्हा मांडव काढायला घेतला होता आणि बायका अजून टेबलाभोवती उभ्या होत्या. मी पिशवी आवरताना नारळ वर आला. आण्णांनी इकडंतिकडं बघितलं. आमच्याकडं नारळ पुरुषानं फोडायचा असतो. आप्पा नव्हते, आणि आण्णांनी हात पुढं केला नाही. ते नारळाकडं बघत होते, मग वहिनीकडं.

वहिनीनं तो माझ्या हातातून घेतला. पदर कमरेला खोचला, लाँच बांधायच्या दगडापाशी गेली आणि एकाच दणक्यात फोडला. पाणी तिच्या पायांवर उडालं. एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली. वहिनीनं खोबऱ्याचा पहिला तुकडा लाँचच्या नाकावर ठेवला, दुसरा थोरल्या मुलीच्या हातावर.

"सकाळी पैल्या फेरीला जायाचं," ती म्हणाली. "दप्तर भरून ठीव."